आईची झील

सरांनी माइकवरचा स्पंज काढला. दोन बोटांनी, चिमटीत धरून. काचेच्या खोलीतून बाहेर आले आणि कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या डब्यात टाकला. ड्रॉवरमधून नवा काढला, माइकवर चढवला. मग हाताला सॅनिटायझर चोळलं.

आई अजून आतच उभी होती. कानाला हेडफोन. ती नुकतीच गायलेली. तिचं गाणं ऐकून अख्खा क्लास हसलेला, आणि सगळे हसतायत म्हणून तीपण थोडी हसलेली. काचेतून तिने तो स्पंज डब्यात पडताना बघितला. हसू तोंडावर तसंच राहिलं तिच्या. काढायला विसरल्यासारखं.

मी कॉम्प्युटरसमोर बसलेले. हातात माउस. मी काहीच केलं नाही.

"हायजीन," सर म्हणाले. कुणी विचारलेलं नव्हतं.

त्याच माइकवर आमची सगळी बॅच गायलेली. रोहन तर सर्दी घेऊन आलेला, शिंकत शिंकत गायला. तेव्हा स्पंज तोच होता. आई गायली आणि हायजीन आठवलं.

मी कल्याण पूर्वेची. कोळसेवाडीत घर. पप्पांची रिक्षा. आई मानपाड्याला कंपनीत पॅकिंगला जाते. पण आमच्या गल्लीत तिला पॅकिंगवाली म्हणून कोण ओळखत नाही. झीलवाली म्हणून ओळखतात. आमच्या शेजारी नाना राहतात, महापालिकेत सफाई खात्यात आहेत. त्यांची गायन पार्टी आहे. जयंती असो, कुणाचं बारसं असो, कुणी गेल्यावरचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम असो, नाना पुढे उभे राहून गातात आणि आई मागे उभी राहून झील ओढते. झील म्हणजे काय, तर पुढच्याची ओळ संपत आली की तिचं शेपूट पकडायचं आणि वर नेऊन फिरवायचं. तेवढ्यात पुढचा श्वास घेतो. माइक एकच, तो नानांचा. झीलवालीला माइक नसतो. अख्ख्या मैदानाला पुरेल एवढा आवाज तिने नुसत्या छातीतून काढायचा. बॅनरवर नानांचा फोटो, खाली लिहिलेलं असतं 'आणि संच'. त्या संचात माझी आई.

नानांची गाणी कुठेच रेकॉर्ड झालेली नाहीत. ती त्यांच्या डोक्यात आहेत आणि आईच्या गळ्यात. जयंतीच्या मिरवणुकीत डीजेवर भलतीच गाणी वाजतात, आमच्याच मैदानात, आणि नाना एका बाजूला उभे राहून बघत असतात. मला त्याचा राग यायचा. म्हटलं, आपण शिकू. कॉम्प्युटरवर गाणं कसं करतात ते शिकू. आईचा आवाज त्या मोठ्या स्पीकरमधून वाजवायचाच.

मी तेव्हा डोंबिवलीत एका दवाखान्यात रिसेप्शनला होते. पगारातून फी भरली आणि ठाण्याला माजिवड्याचा एक क्लास लावला. मोठ्या टॉवरच्या खाली, एसीवाला, भिंतींना काळा फोम लावलेला. पहिल्या दिवशी मला फक्त माउस धरता येत होता. बाकीच्यांना पियानो येत होता, गिटार येत होती. स्क्रीनवर एकाखाली एक पट्ट्या. प्रत्येक पट्टीत एक आवाज. ढोलकीची एक, गाणाऱ्याची एक, पेटीची एक. पट्टीच्या बाजूला बारकी बटणं. एक दाबलं की तो आवाज बंद. दुसरं दाबलं की बाकी सगळे बंद आणि तेवढाच एक चालू. मला तर जादूच वाटली. दवाखान्यात पेशंटला नंबर देता देता मी मनात ती बटणं दाबायची. ही बाई फार बोलते, बंद. ते बाळ रडतंय, राहू दे, त्याला चालू ठेवा.

सरांनी सगळ्यांना विचारलं, घरात कुणी संगीत शिकलंय का? माझी पाळी आली. मी म्हटलं, "आई गाते सर."

"वा. भजन?"

"नाही सर. जयंतीची गाणी."

"अच्छा," सर म्हणाले. "म्हणजे तसं."

'तसं' म्हणजे कसं ते त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती, आम्हाला ते लहानपणापासून कळतं. त्यानंतर बोर्डवर काही विचारायचं असलं की सरांची नजर माझ्यावरून पुढे जायची. ओरडले कधी नाहीत. सर फार सभ्य. शुद्ध बोलायचे, मोठ्या माणसांना अहो-जाहो करायचे.

तर शेवटी प्रत्येकाने एक गाणं करायचं होतं. त्यातली निवडक गाणी ठाण्यातल्या एका हॉलमध्ये वाजणार, स्क्रीनवर करणाऱ्याचं नाव येणार. मी नानांचं गाणं घेतलं.

माझ्या गल्लीत उजेड आला, कुणाच्या दयेनं नाही.
पाटी घेतली पोरीनं हाती, आता मागं फिरणार नाही.

झील तेवढीच. "दयेनं नाही." "फिरणार नाही." आई ती अशी मारते की लांबच्या बिल्डिंगमधले लोक खिडकीत येतात.

रेकॉर्डिंगला नाना आणि आई दोघं यायचे होते. नानांना ऐनवेळी डबल ड्युटी लागली. पप्पा म्हणाले चल, मी आईला घेऊन येतो. शीळफाट्याचं ट्रॅफिक पार करत, मुंब्रा बायपासवरून, रिक्षाने आणलं तिला. जयंतीची पांढरी साडी नेसलेली, केसात गजरा. टॉवरच्या वॉचमनने रिक्षा आत घेऊ दिली नाही. पप्पा बाहेर रस्त्यावर थांबले.

सर म्हणाले, नाना येतील तेव्हा येतील, ताईंना घेऊ आधी. आईला काचेच्या खोलीत उभं केलं. अंबाड्यावरून हेडफोन बसेना, गजरा काढायला लागला. कानात क्लिक चालू केली, म्हणजे ताल चुकू नये म्हणून टकटक वाजते ती.

"हे काय गं टकटक करतंय?" आईने आतून मला विचारलं. तो प्रश्न बाहेर मोठ्या स्पीकरवर सगळ्यांना ऐकू आला. कुणीतरी फिसकन हसलं.

लाल दिवा लागला. कॉम्प्युटरवरची पेटी वाजायला लागली. आई गप्प. ओळ अर्धी गेली, आई गप्पच. सरांनी माझ्याकडे बघितलं. आणि मग एकदम, "दयेनं नाही!"

सरांनी कानातला हेडफोन ओढून काढला. स्क्रीनवर आवाजाची रेघ लालभडक. परत शांतता. परत अर्धी ओळ नुसती पेटी. मग, "फिरणार नाही!" आणि परत गप्प, हाताची घडी घालून, अगदी शहाण्यासारखी उभी.

माझ्या लक्षात आलं. पुढची ओळ नाना म्हणतात. आईने ती जन्मात म्हटलेली नाही. ती नानांची जागा रिकामी ठेवून, बरोबर आपल्या जागेवर गात होती. नाना तिथे नव्हते तरी.

रोहन बोलला, "आंटी को पूरा गाना नहीं आता क्या?"

सर म्हणाले, "ताई, पूर्ण गाणं म्हणा. अर्धीअर्धी ओळ काय म्हणताय?"

आई म्हणाली, "पुढचं नाना म्हणत्यात सायेब. माझं एवढंच."

तेव्हा क्लास हसला. पोट धरून हसला. मग सरांनी स्पंज काढला.

परत येताना शीळफाट्याला रिक्षा अडकली. पुढे कंटेनर, मागे कंटेनर. आई गजरा हातात धरून बसलेली. मग म्हणाली, "त्यो स्पंज का काढला गं त्यांनी?"

"जुना झालेला."

"मग माझ्या आधी का न्हाई काढला?"

पप्पांनी आरशातून मागे बघितलं आणि हॉर्न दाबला. समोर जायला जागा नव्हती तरी दाबत राहिले.

असल्या ठिकाणी परत पाय ठेवू नये, हो ना? मी ठेवला. का? तर गाणं हॉलमध्ये वाजायला पाहिजे होतं. आईचा आवाज स्पीकरमधून यायला पाहिजे होता. मला वाटलं, अपमान गिळू, गाणं तरी होईल. किती जणांनी आमच्यात हेच केलंय, गिळू आणि काम तरी करून घेऊ. गिळून गिळून घसे बसले लोकांचे.

रविवारी दुपारी मी नाना आणि आईला आमच्या घरीच उभं केलं. पंखा बंद, खिडकी बंद, दारावर गोधडी टांगली. एक मोबाइल नानांसमोर, एक आईसमोर. घामाने दोघं चिंब. पण काय गायले! शेजारच्या काकूंच्या कुकरची शिट्टी मध्येच आली ती तशीच ठेवली मी, काढताच येईना.

दोघांचे आवाज मी क्लासच्या कॉम्प्युटरवर एकाखाली एक टाकले. आणि तिथे मी पहिल्यांदा बघितलं. वरच्या पट्टीत नानांची रेघ शेवटी बारीक होत जाते. नानांचं वय झालंय, दम पुरत नाही. आणि ती पूर्ण मिटायच्या आधीच खालच्या पट्टीत आईची रेघ सुरू होते. नाना थांबलेत हे लोकांना कळायच्या आतच. मी जन्मापासून ही झील ऐकतेय. लोक म्हणायचे नानांचा दम बघा, या वयात! मी पण म्हणायची. तो दम आईचा होता. मागे उभं राहून तिने आयुष्यभर दुसऱ्याला श्वास पुरवला आणि नाव 'आणि संच'. स्क्रीनसमोर बसून मला रडू आलं. रागाने आलं.

सरांनी मागून बघितलं. "ताई लवकर घुसतात," म्हणाले. माझ्या हातातून माउस घेतला. आईची पट्टी कापली, सरकवली, नानांची ओळ पूर्ण संपल्यावर लावली. "असं स्वच्छ दिसलं पाहिजे."

"सर, झील अशीच असते. आधी पकडायची असते."

"असेल. पण आपण म्युझिक शिकतोय ना?"

पुढच्या वेळी गेले तर वेगळंच. सर म्हणाले, "गाण्यात दम आहे तुझ्या. नानांचा आवाज लोकगीत म्हणून चालून जाईल. पण ताईंचा आवाज बदलूया. फार उघडा आहे. बाईचा आवाज असा उघडा बरा नाही वाटत, वस्तीतला वाटतो. रिया म्हणेल त्या ओळी. आणि गाण्याच्या शेवटी नाना जयजयकार करतात तो काढू. हॉलला सगळ्या प्रकारचे लोक असतात, जरा न्यूट्रल ठेवूया."

न्यूट्रल! रोज क्लास सुरू व्हायच्या आधी देवाच्या फोटोला हार, उदबत्ती आणि हात जोडून श्लोक. तो न्यूट्रल. आमचा जयजयकार आला की सगळ्या प्रकारचे लोक आठवतात.

मी म्हटलं, "सर, विचार करते." हे पण मीच म्हटलं.

रिया बॅचमधली पोरगी. वाईट नाही ती. लहानपणापासून गाणं शिकलेली, गळा छान. तिने मला बाजूला घेऊन विचारलं, "तुझी आई किती जोरात म्हणते यार. मला एवढं ओरडायला नाही जमणार."

सर म्हणाले, "ओरडू नकोस. गोड म्हण."

माझा विचार व्हायच्या आत त्यांनी रेकॉर्ड करून टाकलं. हॉलच्या कार्यक्रमाआधीच्या क्लासला मोठ्या स्पीकरवर लावलं. नानांची ओळ आली. संपली. मध्ये एक भोक पडलं, नानांचा दम तुटलेला स्पष्ट ऐकू आला. मग रिया आली. "दयेनं नाही." शेवटच्या अक्षरावर हरकत घेतली तिने, नाजूक. इतकं गोड म्हटलं, इतकं गोड, की 'नाही' ऐकून वाटलं ही काहीतरी मागतेय कुणाकडे तरी.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सर माझ्याकडे वळले. "बघ. आता झालं गाणं."

"नाही."

मी बसल्या जागेवरून बोलले. मला वाटलं मी मनात बोलले, पण सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"नाही सर. हे गाणं नाही वाजणार."

"का?"

"यात माझी आई नाही."

सर हसले, समजूतदारपणे. "भावना समजतो मी. पण व्यवसायात भावना बाजूला ठेवाव्या लागतात. ताईंचा सूर हलतो, हे तुलाही कळतं."

"हलतो. हलू दे. माझी फाइल मला द्या."

आता सरांचा आवाज बदलला. सभ्यपणाचं वरचं कव्हर निघालं. "मी हे तुझ्यासाठी करतोय. तुमच्या लोकांना एवढी संधी कोण देतं?"

मी उभी राहिले.

"गाण्यात काय म्हटलंय ते ऐकलंत का सर? कुणाच्या दयेनं नाही. इतके दिवस त्या ओळीला कापताय, सरकवताय. एकदा ऐकायची तरी."

"तू विषय कुठे नेतेस—"

"विषय तिथेच आहे. आई गायल्यावर स्पंज का फेकला?"

"हायजीन म्हणून. सांगितलं होतं मी."

मी काचेतून आत बोट दाखवलं. "रिया गायली. तिचा स्पंज अजून माइकवर आहे. तो का नाही फेकला?"

रिया खाली बघत होती. रोहनने मोबाइल काढला आणि उगाच काहीतरी चाळायला लागला. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. पुसायला बरं जमतं त्यांना.

मी माझ्या पेनड्राइव्हवर नानांची पट्टी घेतली, आईची पट्टी घेतली. क्लासच्या कॉम्प्युटरवरून ते गाणं उडवलं, माझ्या हाताने. हॉलच्या स्क्रीनवर माझं नाव येणार होतं ते पण गेलं. जाऊ दे. आईला पुसून मिळणारं नाव घेऊन मी घरी कुठल्या तोंडाने गेले असते?

त्याला आता दोन वर्षं होतील. मी घरीच शिकतेय. जुना लॅपटॉप आहे, मध्येच हँग होतो, पंखा इतका घुरघुरतो की रेकॉर्डिंगच्या वेळी त्याला उशीमागे लपवावं लागतं. मोबाइलवर व्हिडिओ बघते, चुकते, परत करते. अजून कच्चं आहे माझं काम. ढोलकी पुढे येते, शब्द बुडतात. कधीकधी सगळं इतकं गढूळ होतं की लॅपटॉप फेकून द्यावासा वाटतो. फेकत नाही. आणि माझ्या पट्ट्यांमध्ये सगळ्यात वर आईची पट्टी असते. आधी तिचा आवाज लावते, मग तिच्या मापाने बाकीचे. क्लासमध्ये उलटं शिकवलेलं.

गेल्या जयंतीला गाणं मैदानात वाजलं. कुकरच्या शिट्टीसकट. झील जिथे पडायची तिथेच पडली, नानांच्या ओळीचं शेपूट पकडून. मंडळाच्या पोरांनी बॅनर केला, नानांचा फोटो, आणि संच. मी म्हटलं, आईचं नाव टाका. नाना म्हणाले, "अगं, झीलवालीचं नाव कधी टाकतात का?" नाना आमचेच, मायेचे. मला अंगाखांद्यावर खेळवलेले. तरी मी म्हटलं, "नसतील टाकत. आता टाकायचं. नाहीतर गाणं वाजणार नाही." एकदा नाही म्हणायला शिकलं की आपला-परका बघून चालत नाही. आईचं नाव बॅनरवर आलं. नाना रुसले. रुसू देत.

आता तेच गाणं परत नव्याने करतेय. परवा रविवारी पंखा बंद केला, गोधडी टांगली, आईला माइकसमोर उभं केलं. माइक माझा आहे, साधाच. त्याच्यावर स्पंज आहे, आई गाते म्हणून. तिच्या थुंकीचे शिंतोडे त्याच्यात मुरलेत आणि तो तिथेच राहणार आहे.

पेटी सुरू झाली. आई गप्प. हाताची घडी. नानांची जागा रिकामी ठेवून आपल्या जागेची वाट बघत उभी.

मी थांबवलं. "आई, पुढचं तू म्हणायचं."

"मी? छे गं. पुढचं नाना म्हणत्यात. माझं एवढंच."

"एवढंच नाही."

"मला न्हाई जमायचं. सवय न्हाई. आणि मी पुढं गेल्यावर मागं कोण?"

"मी."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला झील येत नाही. माझा आवाज तिच्या निम्मासुद्धा नाही, फाटतो वर गेला की. तरी मी जाऊन तिच्या मागे उभी राहिले. लाल बटण दाबलं.

आईने पुढची ओळ म्हटली. चुकली. खोकली. परत म्हटली. दम तुटला तिचा ओळीच्या शेवटी. तुटायच्या आधी मी शेपूट पकडलं आणि छाती फाडून वर नेलं. दयेनं नाही! आवाज फाटला माझा. रेघ लालभडक झाली. खाली गल्लीत कुणीतरी वर बघितलं असणार.

ते फाटलेलं मी पुसणार नाही. आईला यापुढे कुणी कापायला, सरकवायला, गोड करायला आला, क्लासवाला येऊ दे नाहीतर आपल्यातला, त्याला आधी तिच्या मागे उभी असलेली मी लागेन. आणि माझं उत्तर रेकॉर्ड करून ठेवलेलं आहे.